सहाशे अठ्ठावीस नाबाद
आर्थर कॉलिन्स (१८८५–१९१४)

वाचण्याआधी
तुम्ही शाळेत कोणता खेळ खेळता? एखाद्या दिवशी तुम्ही इतकं छान खेळलात की शाळाभर तुमचंच नाव झालं, असं कधी झालंय का? हा पाठ अशाच एका मुलाचा आहे. वाचताना एक प्रश्न मनात ठेवा: एका डावावरून माणूस कळतो का?

१. एक शाळा, एक मैदान

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात ब्रिस्टल नावाचं शहर आहे. तिथे क्लिफ्टन कॉलेज आहे. नावात कॉलेज असलं तरी ती शाळाच आहे. १८६२ मध्ये ती सुरू झाली. जून १८९९ मध्ये या शाळेच्या एका छोट्या मैदानावर तेरा वर्षांच्या मुलाने एका डावात ६२८ धावा केल्या, आणि शेवटपर्यंत तो बाद झाला नाही. एका खेळाडूने एका डावात एवढ्या धावा केल्याची नोंद तोपर्यंत जगात कुठेच नव्हती. पुढची ११६ वर्षं हा विक्रम कुणालाही मोडता आला नाही. आणि मोडला तो कुठे? लंडनमध्ये नाही, सिडनीमध्ये नाही. मुंबईजवळच्या आपल्या कल्याणमध्ये!

त्या मुलाचं नाव आर्थर कॉलिन्स. शाळेच्या स्कोअरबुकात त्याचं नाव ए. ई. जे. कॉलिन्स असं आहे, आणि क्रिकेटच्या पुस्तकांतही तो याच नावाने ओळखला जातो.

२. हजारीबागमध्ये जन्म

आर्थर इंग्रज होता, पण त्याचा जन्म इंग्लंडमध्ये झाला नाही. १८ ऑगस्ट १८८५ रोजी तो हिंदुस्थानात, हजारीबाग या गावी जन्मला. हे गाव आज झारखंड राज्यात आहे. तेव्हा हिंदुस्थानावर इंग्रजांचं राज्य होतं आणि आर्थरचे वडील तिथे सरकारी नोकरीत होते.

त्या काळी हिंदुस्थानात राहणारे इंग्रज आपल्या मुलांना शिकायला इंग्लंडला पाठवत. मुलं सहा-सात वर्षांची झाली की बोटीने त्यांना लांबच्या प्रवासाला धाडायचं. मग कित्येक वर्षं आईवडिलांची भेट नाही. कधीतरी पत्र आलं तर आलं. आर्थरचं दुःख मात्र याहून मोठं होतं. १८९७ मध्ये तो क्लिफ्टनच्या शाळेत आला तेव्हा त्याचे आई आणि वडील दोघंही या जगात नव्हते. बारा वर्षांचा हा मुलगा अनाथ होता. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात त्याचे पालक होते, तेच त्याची काळजी घेत.

आज तुमच्यापैकी कितीतरी जण एका देशात जन्मले, आणि आजी-आजोबांचं घर दुसऱ्या देशात आहे. सुट्टीत आपण तिकडे जातो, परत येतो. आर्थरला मात्र असं घर उरलंच नव्हतं. त्याचं घर म्हणजे शाळा.

३. क्लिफ्टन आणि क्रिकेट

क्लिफ्टनमध्ये क्रिकेटला फार मान होता. शाळेचं मोठं मैदान 'क्लोज' या नावाने प्रसिद्ध आहे. ग्लॉस्टरशायर परगण्याचा संघ तिथे मोठे सामने खेळत असे. लांब दाढीवाले डब्ल्यू. जी. ग्रेस, म्हणजे त्या काळातले सगळ्यांत नावाजलेले क्रिकेटपटू, या मैदानावर खेळले आणि त्यांनी तिथे बरीच शतकं ठोकली.

याच शाळेत शिकलेले हेन्री न्यूबोल्ट पुढे कवी झाले. १८९२ मध्ये त्यांनी क्लोज मैदानावरच्या एका सामन्यावर कविता लिहिली. कवितेचा अर्थ साधारण असा: जो मुलगा शाळेच्या मैदानावर शेवटपर्यंत हार न मानता खेळायला शिकतो, तोच पुढे रणांगणावरही पाय रोवून उभा राहतो. ही कविता इंग्लंडमध्ये खूप गाजली. त्या काळच्या अनेक शिक्षकांना आणि पालकांना खरोखरच असं वाटे, की क्रिकेट म्हणजे लढाईची तयारी. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती लागणार आहे.

शाळेतली मुलं वेगवेगळ्या 'हाउस'मध्ये वाटलेली असत. तुमच्या शाळेतही लाल, निळं, हिरवं अशी हाउस असतील. क्लिफ्टनमध्ये आर्थर होता 'क्लार्क्स हाउस'मध्ये. त्यांचा सामना ठरला 'नॉर्थ टाउन'शी. हा काही मोठा सामना नव्हता. धाकट्या मुलांची, शाळेतल्या शाळेत खेळायची मॅच. त्यामुळे मोठं मैदान त्यांना मिळालं नाही. गथ्री रोडजवळच्या एका लहानशा मैदानावर त्यांनी खेळायचं ठरलं.

ते मैदान जरा विचित्रच होतं. एका बाजूची सीमा अगदी जवळ होती. तिकडे चेंडू गेला की फक्त दोन धावा मिळायच्या. दुसरीकडे उतार होता, सीमा लांब होती. तिकडे चेंडू मारला तर धावा धावूनच काढायच्या.

४. पाच दिवसांचा सामना

गुरुवार, २२ जून १८९९. दुपारी सामना सुरू झाला. क्लार्क्स हाउसने टॉस जिंकला आणि फलंदाजी घेतली. आर्थर पहिल्याच जोडीत मैदानात उतरला.

तो जोरात खेळत होता. मध्येमध्ये त्याचे झेल उडाले, पण नॉर्थ टाउनच्या मुलांच्या हातून ते सुटले. खेळ थांबला तेव्हा आर्थरच्या २०० धावा झाल्या होत्या. शाळेतल्या मुलासाठी दोनशे म्हणजे खूपच. पण तो अजून बाद झाला नव्हता, म्हणून सामना दुसऱ्या दिवशी पुढे सुरू झाला.

शुक्रवारी ही बातमी शाळाभर पसरली. मैदानाभोवती गर्दी जमली. तोपर्यंत एका डावातल्या सर्वांत जास्त धावांचा विक्रम ए. ई. स्टॉडर्ट यांच्या नावावर होता. इंग्लंडच्या संघाचे हे कर्णधार. त्यांनी १८८६ मध्ये हॅम्पस्टेड क्लबकडून खेळताना ४८५ धावा केल्या होत्या. शुक्रवारी संध्याकाळी तेरा वर्षांच्या आर्थरने तो आकडाही मागे टाकला! दिवस संपला तेव्हा तो ५०९ वर नाबाद होता.

शनिवार-रविवार खेळ नव्हता. तोवर वर्तमानपत्रांपर्यंत बातमी गेली होती. सोमवारी थोडाच वेळ खेळ झाला. तासाभराहून कमी वेळात आर्थरने आणखी ८९ धावा जोडल्या. आता झाले ५९८. त्याच्या संघाचे नऊ गडी बाद झाले होते. एकच जोडी उरली होती.

मंगळवारी आर्थरने सहाशेचा टप्पा ओलांडला. मग समोरच्या फलंदाजाचा झेल गेला आणि डाव संपला. क्लार्क्स हाउसच्या धावा झाल्या ८३६. त्यातल्या आर्थरच्या एकट्याच्या ६२८. म्हणजे बाकीचे दहा जण आणि अवांतर धावा सगळं मिळून फक्त २०८. चार दुपारी मिळून आर्थरने ६ तास ५० मिनिटं फलंदाजी केली होती.

त्याने या धावा कशा केल्या, ते बघा:

एकदा सहा धावा
४ वेळा पाच धावा
३१ वेळा चार धावा
३३ वेळा तीन धावा
१४६ वेळा दोन धावा
८७ वेळा एक धाव

बेरीज करून पाहा, बरोबर ६२८ येते. पण हा हिशेब ज्यांनी ठेवला, तीही शाळेतलीच मुलं होती. एवढ्या लांब डावात पेन्सिल चालवून त्यांचेही हात दुखले असणार. त्यांच्यापैकी एकाने पुढे गमतीने सांगितलं होतं, की वीसेक धावा इकडेतिकडे झाल्या असतीलही!

फलंदाजी संपली तरी आर्थर दमला नव्हता. नॉर्थ टाउनची मुलं खेळायला आली तेव्हा त्याने गोलंदाजीही केली. पहिल्या डावात त्याने ३३ धावांत ७ गडी बाद केले, दुसऱ्या डावात ३० धावांत ४. नॉर्थ टाउनच्या धावा झाल्या ८७ आणि ६१. बुधवारी सामना संपला. क्लार्क्स हाउस एक डाव आणि ६८८ धावांनी जिंकलं.

५. हा विक्रम खरा मोठा की सोपा?

काही लोक म्हणतात, हा विक्रम सोपाच होता. समोर लहान मुलं, त्यांनी झेल सोडले, एका बाजूची सीमा जवळ. हे सगळं खरंच आहे. मोठ्या क्रिकेटपटूंच्या डावाशी याची तुलना करता येणार नाही.

पण दुसरी बाजूही बघा. जवळच्या सीमेवर चौकार मिळत नव्हता, दोनच धावा मिळत होत्या. दुसऱ्या बाजूला धाव-धाव धावावं लागत होतं. तीन-तीन धावा ३३ वेळा, हे काही बसल्या जागी होत नाही. आणि समोरचा प्रत्येक चेंडू नीट बघून खेळायचा, तोही चार दुपारी. तेरा वर्षांच्या मुलाचं लक्ष इतका वेळ एका गोष्टीवर राहणं, हीच मोठी गोष्ट. सुटलेल्या झेलाने संधी मिळते, धावा मात्र आपल्याच काढाव्या लागतात.

६. नंतर काय झालं?

तुम्हाला वाटेल, हा मुलगा मोठेपणी इंग्लंडकडून खेळला असेल. नाही. आर्थर मोठा झाल्यावर एकही प्रथम श्रेणीचा सामना खेळला नाही. शाळेत तो क्रिकेटबरोबर रग्बी आणि रॅकेट्स खेळला, बॉक्सिंग केलं. मग त्याने सैन्यात जायचं ठरवलं. लंडनजवळ वूलिच इथे सैन्याची अकादमी होती. तिथे शिकून १९०४ मध्ये तो 'रॉयल इंजिनियर्स' या दलात अधिकारी झाला. हे दल पूल बांधतं, रस्ते करतं, खंदक खणतं. काही वर्षं त्याची नेमणूक हिंदुस्थानात झाली. म्हणजे ज्या देशात तो जन्मला, त्याच देशात तो परत आला, पण आता गणवेश घालून.

क्रिकेट त्याने सोडलं नाही. सैन्याच्या सामन्यांत तो खेळत राहिला. लंडनच्या प्रसिद्ध लॉर्ड्स मैदानावरही तो आपल्या दलाकडून खेळला. पण ६२८ सारखं काही पुन्हा झालं नाही. होणार तरी कसं? असा डाव आयुष्यात एकदाच होतो. आर्थर नोकरी करत होता, जमेल तेव्हा खेळत होता, चारचौघांसारखं आयुष्य जगत होता. १९१४ च्या वसंत ऋतूत त्याचं लग्न झालं. बायकोचं नाव होतं एथेल.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं.

७. ईपरची लढाई

आर्थर आता कॅप्टन कॉलिन्स झाला होता. त्याच्या तुकडीबरोबर तो फ्रान्समधून बेल्जियममध्ये गेला. बेल्जियममध्ये ईपर नावाचं गाव आहे. १९१४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथे फार मोठी लढाई झाली. त्या मोठ्या सैन्यगटाचे सेनापती डग्लस हेग हेही क्लिफ्टनचेच माजी विद्यार्थी होते. एकाच शाळेचे दोन विद्यार्थी एकाच लढाईत होते, एक सेनापती आणि एक कॅप्टन.

११ नोव्हेंबर १९१४ रोजी जर्मन सैन्याने मोठा हल्ला केला. इंग्रजांकडे सैनिक कमी पडत होते. त्यामुळे पूल आणि खंदक बांधणाऱ्या इंजिनियर्सनाही हातात बंदुका घेऊन लढावं लागलं. गावाजवळच्या एका जंगलात कॅप्टन कॉलिन्सची तुकडी लढत होती. खंदकाची एक बाजू उघडी पडली होती. तिथे आणखी सैनिक यावेत म्हणून तो खूण करत होता. तेवढ्यात त्याला गोळी लागली. तो २९ वर्षांचा होता. लग्नाला अजून एक वर्षही झालं नव्हतं.

न्यूबोल्ट यांच्या कवितेत सांगितलं होतं तसंच जणू आर्थर जगला. मैदानावर शेवटपर्यंत उभा राहिला, खंदकातही शेवटपर्यंत उभा राहिला. पण खेळ आणि युद्ध यांत मोठा फरक आहे. खेळात बाद झालेला मुलगा पुढच्या सामन्यात पुन्हा बॅट हातात घेतो. युद्धात दुसरा डाव नसतो. क्लिफ्टनच्या मैदानावर खेळलेली अशी कितीतरी मुलं त्या युद्धातून परत आली नाहीत.

आर्थरचा देह सापडला नाही, म्हणून त्याची वेगळी कबर नाही. ईपरमध्ये 'मेनिन गेट' नावाची प्रचंड कमान आहे. ज्यांच्या कबरी नाहीत अशा ५४ हजारांहून जास्त सैनिकांची नावं तिच्यावर कोरलेली आहेत. त्यांत आर्थरचं नाव आहे, आणि हिंदुस्थानातून आलेल्या सैनिकांचीही नावं आहेत. रोज रात्री आठ वाजता तिथे बिगूल वाजवून या सगळ्यांची आठवण काढतात.

पुढे बरोबर चार वर्षांनी, ११ नोव्हेंबर १९१८ ला, ते युद्ध थांबलं. जे ब्रिटनमध्ये राहतात त्यांना हा दिवस माहीत असेल. या दिवसांत लोक कोटावर कागदाचं लाल पॉपीचं फूल लावतात आणि दोन मिनिटं शांत उभे राहतात.

८. कल्याणचा मुलगा

आता एकदम १०० वर्षं पुढे येऊ या. ४ जानेवारी २०१६. मुंबईहून लोकल ट्रेनने तासाभराच्या अंतरावर कल्याण शहर आहे. तिथे भंडारी कप ही शाळांची स्पर्धा चालू होती. के. सी. गांधी शाळेकडून पंधरा वर्षांचा प्रणव धनावडे खेळत होता. त्याचे वडील रिक्षा चालवत. पहिल्याच दिवशी त्याने ६५२ धावा केल्या आणि आर्थरचा ११६ वर्षांचा विक्रम मोडला. दुसऱ्या दिवशी तो १००९ धावांवर पोहोचला, तोही नाबाद. एका डावात हजार धावा! क्रिकेटमध्ये असं आधी कधीच झालं नव्हतं.

प्रणवने ३२७ चेंडूंत १२९ चौकार आणि ५९ षटकार मारले. म्हणजे त्याच्या बहुतेक धावा सीमेपलीकडे चेंडू मारून आल्या. आर्थरला मात्र बऱ्याच धावा पळून काढाव्या लागल्या होत्या. दोघांचे डाव वेगळे, पण दोघांबद्दल लोक एकच बोलले: समोरचा संघ कच्चा होता, मैदान लहान होतं. आणि दोघांच्याही बाबतीत एक गोष्ट खरी आहे. दोघंही कंटाळले नाहीत.

प्रणवच्या विक्रमाची बातमी छापताना जगभरच्या वर्तमानपत्रांना आधी सांगावं लागलं, की जुना विक्रम कुणाचा होता. त्यामुळे आर्थर कॉलिन्स हे नाव नव्याने लोकांपर्यंत गेलं. कित्येकांना तेव्हा पहिल्यांदाच कळलं, की ६२८ धावा करणारा तो मुलगा हिंदुस्थानात जन्मला होता, अनाथ होता, आणि २९ व्या वर्षी युद्धात गेला. विक्रम मोडला, आणि आर्थरची गोष्ट पुन्हा वाचली गेली.

क्लिफ्टनमधलं ते छोटं मैदान आजही आहे. त्याला आता कॉलिन्सचं नाव दिलं आहे. स्कोअरबुकात आर्थरचा डाव चार दुपारींचा आहे. त्याचं आयुष्य २९ वर्षांचं होतं. यापुढे कुणी ६२८ हा आकडा सांगितला, तर तुम्ही त्याला आर्थरची बाकीची गोष्टही सांगा.

नवे शब्द
नाबाद – जो बाद झालेला नाही असा फलंदाज
अनाथ – ज्याचे आईवडील हयात नाहीत असा मूल किंवा माणूस
पालक – मुलाची जबाबदारी घेणारी माणसं
परगणा – देशाचा एक भाग, जिल्ह्यासारखा
अवांतर धावा – बॅटने न काढता संघाला मिळालेल्या धावा
रणांगण – जिथे लढाई होते ती जागा
खंदक – सैनिकांना लपून लढण्यासाठी जमिनीत खणलेली लांब खोल जागा
तुकडी – सैनिकांचा छोटा गट
कमान – वरून गोलाकार असलेला मोठा दरवाजा

स्वाध्याय
अ. एका वाक्यात उत्तर लिहा.
१. आर्थरचा जन्म कुठे झाला?
२. त्याने कुणाचा विक्रम मोडला?
३. सामन्यात आर्थरने एकूण किती गडी बाद केले?
४. मेनिन गेटवर कुणाची नावं आहेत?

आ. तीन-चार वाक्यांत उत्तर लिहा.
१. आर्थरचा विक्रम सोपा होता असं काही लोकांना का वाटतं? तुम्हाला काय वाटतं?
२. आर्थर आणि प्रणव यांच्या डावांत सारखं काय होतं आणि वेगळं काय होतं?

इ. घरी बोला.
आजी-आजोबांना किंवा आईबाबांना विचारा: त्यांच्या शाळेत कोणता खेळ खेळला जायचा? त्यांच्या वर्गातला कोणता खेळाडू त्यांना अजून आठवतो? तो आज काय करतो? ऐकलेलं पाच वाक्यांत मराठीत लिहा आणि पुढच्या तासाला वर्गात वाचून दाखवा.